आधी चक्का, मग फ्रीझर : हैदराबादच्या फळांचा घरगुती गार खाऊ

हैदराबादेत मार्च संपता संपता ऊन तापायला लागतं आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारी चारच्या सुमारास घरोघरी एकच मागणी असते : काहीतरी गार द्या. नेमक्या याच दिवसांत हातगाड्यांवर फळांची रेलचेल असते, आणि दही तर घरात रोज लागतंच. फळ, दही आणि फ्रीझर एवढ्यावर, ओव्हनच्या वाटेला न जाता, उत्तम खाऊ होतो. तरी बऱ्याच घरांत तो एकदा करून सोडून दिला जातो. कारण साच्यातून बाहेर येतो तो दह्याच्या वासाचा बर्फ : दाताखाली कचकच करणारा, चवीला फिका आणि तळाशी पाण्याचा खडा.

यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाडव्याच्या आदल्या रात्री श्रीखंडासाठी आपण दही टांगून त्याचा चक्का करतो, तेच इथेही करायचं. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. शिक्षणासाठी, नोकरीसाठी इथे आलेली मराठी घरं काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांत रुजली आणि श्रीखंडाची रीतही त्यांच्याबरोबर आली. ती रीत आणि इथल्या बाजारातली फळं यांची सांगड घातली की विकतच्या आइस्क्रीमची आठवण होऊ नये असा खाऊ घरात होतो. तो कसा करायचा, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

दह्याचा बर्फ का होतो?

साध्या दह्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं. पाणी शून्य अंशाला गोठतं आणि घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. दही आत ठेवलं की त्यातलं पाणी वेगळं होऊन स्फटिक धरू लागतं. गोठण्याची क्रिया जितकी सावकाश, तितके हे स्फटिक मोठे. जिभेला लागते ती कचकच याच मोठ्या स्फटिकांची.

हैदराबादच्या मोअज्जम जाही मार्केटमध्ये हा प्रश्न हाताच्या ताकदीने सोडवतात. १९३५ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात बांधलेली ही दगडी वास्तू कधीकाळी शहराचा फळबाजार होती. आज ती फळांच्या आइस्क्रीमसाठी ओळखली जाते. हातसाच्याच्या पद्धतीत भांड्याभोवती बर्फ आणि मीठ भरतात. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, आणि आतलं मिश्रण सतत घोटलं गेल्यामुळे स्फटिक मोठे व्हायच्या आत फुटतात. थोडी हवाही मिसळते, म्हणून ते मऊ लागतं.

घरी हातसाचा नसेल, घोटायला वेळ नसेल, तर हेच काम तीन गोष्टींवर सोपवायचं.

पहिली : दह्यातलं पाणी आधीच काढून टाका. नसलेल्या पाण्याचा बर्फ होत नाही.

दुसरी : गोडवा पुरेसा ठेवा. साखर विरघळलेलं पाणी शून्याच्याही खाली गेल्यावर गोठतं, त्यामुळे मिश्रण दगडासारखं होत नाही. अजिबात साखर नसलेला चक्का फ्रीझरमध्ये विटेसारखा कडक होतो.

तिसरी : थर पातळ आणि भांडं धातूचं ठेवा. स्टीलच्या ताटातला बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर प्लास्टिकच्या खोल डब्यातल्या मिश्रणापेक्षा कितीतरी लवकर गोठतो आणि त्याचे स्फटिक बारीक राहतात.

पुढच्या सगळ्या कृती या तीन गोष्टींवर उभ्या आहेत. त्या सांभाळल्या तर बहुतेक कोणतंही फळ घ्या, खाऊ बिघडत नाही.

चक्का करण्याची रीत

१. एक लीटर फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध उकळून कोमट होऊ द्या. करंगळी बुडवली तर सुखद ऊब लागेल इतपत. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. या खाऊसाठी स्निग्धांश हवाच, कारण तोही स्फटिकांना मोठं होऊ देत नाही.

२. चमचाभर ताजं, गोड दही विरजण म्हणून घाला आणि नीट ढवळा. विरजण आंबट असेल तर दहीही आंबट लागणार. हैदराबादच्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर विसरू नका.

३. दही दोन-तीन तास गार झालं की धुतलेल्या मलमलीच्या दुहेरी कापडात बांधा. नव्या कापडाची खळ आधी काढलेली असावी.

४. पुरचुंडी नळाला टांगायची आपली जुनी सवय थंडीत ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबून जातं. म्हणून पुरचुंडी चाळणीत ठेवा, चाळणीखाली खोलगट पातेलं, वर एक जड वाटी, आणि हे सगळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठ ते दहा तास राहू द्या.

५. चक्का तयार झाला की कापड सोडताना तो कापडाला न चिकटता अलगद सुटतो. चमच्याने रेघ ओढली तर ती तशीच राहते, कडेने पाणी जमत नाही. एक लीटर दुधाच्या दह्यातून साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का मिळतो.

खाली जमलेलं दह्याचं पाणी टाकू नका. त्यात कणीक मळा, कढीत घाला किंवा मीठ-जिरेपूड घालून पिऊन टाका.

घाई असेल तर बाजारात तयार चक्का मिळतो. तो विकत घेताना वास घेऊन पाहा. तयार ग्रीक योगर्टही चालतं, पण बिनसाखरेचं घ्या आणि तासभर कापडात ठेवून उरलंसुरलं पाणी काढा.

मूळ मिश्रण

पुढच्या बहुतेक कृतींत हेच मिश्रण वापरायचं आहे. एकदा हाताला बसलं की मोजमाप पाहावं लागत नाही.

साहित्य : ४०० ग्रॅम चक्का, अर्धा कप म्हणजे सुमारे ६० ग्रॅम पिठीसाखर किंवा तीन मोठे चमचे मध, दोन मोठे चमचे दूध पावडर, चिमूटभर मीठ.

चक्का श्रीखंडासारखा पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून फिरवून घ्या. गाठी राहिल्या तर गोठल्यावर त्या पांढऱ्या गोळ्यांसारख्या दाताखाली येतात. मग साखर, दूध पावडर आणि मीठ घालून दोन-तीन मिनिटं हाताने फेटा. मिक्सर जोरात फिरवू नका, चक्का सैल पडतो. दूध पावडर उरलेलं पाणी धरून ठेवते आणि मीठ गोडवा उठून दिसायला मदत करतं.

फेटून झाल्यावर चव घ्या. मिश्रण या वेळी तुमच्या आवडीपेक्षा थोडं जास्त गोड लागायला हवं. गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो, त्यामुळे आत्ता बेताचं लागणारं मिश्रण गोठल्यावर फिकं लागेल.

कोणत्या महिन्यात कोणतं फळ

हंगामातलं फळ स्वस्त असतं, गोड असतं आणि त्याला वरून साखर कमी लागते. हैदराबादेत वर्षभराचा क्रम साधारण असा राहतो.

फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षांचे दिवस. हैदराबादच्या मळ्यांनी एकेकाळी अनाब-ए-शाही या टपोऱ्या द्राक्षाने नाव कमावलं होतं. आज गाड्यांवर महाराष्ट्रातून येणारी बिनबियांची द्राक्षं जास्त दिसतात आणि या कामाला तीच सोयीची.

एप्रिल ते जून आंबा. बाजारात बेनिशान नावाने मिळणारा बंगनपल्ली हा गार खाऊसाठी पहिल्या पसंतीचा. त्याला रेषा नसतात आणि गर घट्ट असतो. मे महिन्यात येणारा हिमायत महाग पडतो, पण त्याच्या स्वादाला तोड नाही. रसालू आंबा चोखून खायला बहारीचा, मात्र रस पातळ आणि रेषाळ असल्याने इथे घेतलात तर गाळून घ्या.

जून-जुलैत जांभूळ. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबर, सीताफळ. महबूबनगर जिल्ह्यातल्या बालानगरच्या नावाने ओळखली जाणारी सीताफळाची जात महाराष्ट्रातल्या बागाईतदारांनाही चांगली परिचयाची आहे. थंडीत पेरू आणि पाठोपाठ स्ट्रॉबेरी. केळी, चिकू, डाळिंब बहुतेक वर्षभर असतातच.

तीन फळांबाबत आधीच सावध केलेलं बरं. न शिजवलेला अननस, किवी आणि पपई यांत प्रथिनं फोडणारी पाचकद्रव्यं असतात. ही फळं चक्क्यात कालवून ठेवली तर मिश्रण पातळ होतं आणि कडवट लागतं. गोठवल्याने ही द्रव्यं मरत नाहीत, फक्त थांबतात. अननसाच्या फोडी थोड्या साखरेबरोबर पाच मिनिटं उकळून, पूर्ण गार करून मग वापरा. किवी आणि पपई कालवू नका, खाताना वरून घाला.

कृती १ : दही-फळांचे तुकडे

पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. साचा लागत नाही, काड्या लागत नाहीत, आणि मुलांना फळं मांडायचं काम देता येतं.

१. सुमारे २८ सेंटीमीटर व्यासाचं सपाट स्टीलचं ताट घ्या. ते फ्रीझरमध्ये आडवं बसतं का, हे आधी पाहा. बसत नसेल तर दोन लहान ताटल्या घ्या. ताटात बटर पेपर अंथरा.

२. मूळ मिश्रणात अर्धा चमचा वेलची पूड घाला आणि ताटात ओता. उलथण्याने पेन्सिलीच्या जाडीइतका सारखा थर पसरा. कडा पातळ ठेवू नका, त्या आधी वितळतात.

३. एक कप फळं बारीक चिरून घ्या. आंबा, चिकू, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, जे हाताशी असेल ते. चिरल्यावर फळं स्वच्छ फडक्यावर पाच मिनिटं पसरा. फोडींवरचं पाणी टिपलं गेलं नाही तर प्रत्येक फोडीभोवती बर्फाचं कडं धरतं.

४. फळं थरावर पसरून बोटांनी हलकी दाबा. वरून पिस्त्याचे काप किंवा भाजलेले तीळ भुरभुरा.

५. तीन-चार तास गोठवा. ताटाच्या मध्यावर बोटाने टिचकी मारा. टणक आवाज आला की झालं.

६. कागदासकट थर उचला, हाताने ओबडधोबड तुकडे करा आणि लगेच हवाबंद डब्यात भरा. थरांच्या मध्ये कागद घाला, नाहीतर तुकडे एकमेकांना चिकटतात.

हे तुकडे पातळ असल्याने बाहेर काढल्यावर मिनिटाभरात खायला येतात आणि पाच-सात मिनिटांत मऊ पडतात. म्हणून डबा पंगतीत फिरवू नका, लागतील तेवढेच काढा.

कृती २ : आम्रखंडाच्या काड्या

साहित्य : ३०० ग्रॅम चक्का, दीड कप बंगनपल्लीचा गर, तीन-चार मोठे चमचे पिठीसाखर, दोन मोठे चमचे दूध पावडर, चार-पाच काड्या केशर, चिमूटभर मीठ.

१. आंबे तासभर पाण्यात ठेवून स्वच्छ धुवा. बाहेरून सोनेरी पिवळा पण देठाजवळ सुवास नसलेला, आत कच्चा निघणारा आंबा टाळा. तो कार्बाईडने पिकवलेला असू शकतो, आणि कार्बाईडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. असा आंबा चवीतही मार खातो.

२. गर मिक्सरमधून एकदाच फिरवा आणि गाळा. गर पातळ वाटला तर तोही तासभर चाळणीत ठेवा.

३. सगळं एकत्र फेटा. केशर चमचाभर कोमट दुधात भिजवून घाला.

४. कुल्फीच्या साच्यांत भरा. वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, कारण गोठताना मिश्रण थोडं फुगतं. साचा ओट्यावर हलकेच आपटून हवेचे बुडबुडे काढा.

५. तासाभराने मिश्रण थोडं घट्ट झालं की मधोमध काडी खोचा. आधी खोचलेली काडी तिरकी होते.

६. सात-आठ तास, शक्यतो रात्रभर गोठवा. काढताना साचा साध्या पाण्याखाली पंधरा-वीस सेकंद धरा. गरम पाणी वापरलं तर बाहेरचा थर वितळून कुल्फी निसटते.

एवढ्या साहित्यात मध्यम आकाराच्या आठ ते दहा होतात.

कृती ३ : सीताफळाच्या वाट्या

गोठवून खायला सीताफळासारखं दुसरं फळ नाही आणि त्याला कारण आहे. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून बासुंदीतही तो दूध गार झाल्यावरच घालतात. विस्तवाशी न जमणारं हे फळ थंडीत मात्र आपला सगळा सुगंध टिकवून ठेवतं.

साहित्य : ३०० ग्रॅम चक्का, दीड कप सीताफळाचा गर (मोठी पाच-सहा फळं), दोन-तीन मोठे चमचे पिठीसाखर, दोन मोठे चमचे दूध पावडर. वेलची, केशर काहीही नको. या फळाचा स्वाद नाजूक असतो, मसाल्याखाली तो दबतो.

१. फळं पूर्ण पिकलेली पण घट्ट घ्या. डोळे उघडलेलं, फटींत पांढरट पिवळा रंग दिसणारं आणि अंगठ्याच्या दाबाने किंचित बसणारं फळ बरोबर पिकलेलं. काळं पडून रस गळणारं नको.

२. फळ हाताने दोन भागांत उघडा. सालीलगतचा रवाळ थर चमच्याने वेगळा वाटीत काढा. कृतीचा खरा पोत यातच आहे.

३. उरलेला बियांसकटचा गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घ्या आणि हाताने, किंवा लाकडी चमच्याच्या पाठीने, गोल गोल फिरवत राहा. गर खाली पडतो, बिया काळ्या चकचकीत होऊन वर राहतात. बियांसकट मिक्सर मुळीच फिरवू नका. बी फुटली तर गर कडू होतो आणि बियांतली द्रव्यं पोटाला व डोळ्यांना अपायकारक असतात. बिया मोजून टाकायची गरज नाही, पण गरात एकही राहिली नाही याची बोटांनी खात्री करा. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

४. गर फार वेळ उघडा ठेवू नका, तो तपकिरी पडतो. लगेच फेटलेल्या चक्क्यात मिसळा. शेवटी बाजूला काढलेला रवाळ गर न फेटता नुसता कालवा.

५. लहान स्टीलच्या वाट्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. तासाभराने बाहेर काढून काट्याने कडेचं मिश्रण मध्ये आणा आणि एकदा ढवळा. कडेला धरू लागलेले स्फटिक यामुळे मोडतात. हातसाच्यात जे सतत चालतं ते इथे एकदाच केलं तरी फरक दिसतो.

६. आणखी चार तास गोठवा. द्यायच्या आधी वाट्या आठ-दहा मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मग चमचा अलगद आत जातो.

कृती ४ : उस्मानिया बिस्किटांच्या तळाच्या वाट्या

हैदराबादच्या इराणी चहाबरोबर मिळणारं उस्मानिया बिस्कीट गोडसर, खारट आणि खुसखुशीत असतं. चक्क्याच्या आंबटगोड चवीला हा खारटपणा फार शोभतो, आणि तळ भाजावाही लागत नाही.

१. १२० ग्रॅम बिस्किटं जाड पिशवीत घालून लाटण्याने चुरा. रव्यापेक्षा थोडा जाड चुरा हवा.

२. ४० ग्रॅम पातळ केलेलं लोणी घालून कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा बसला पाहिजे. बिस्किटांत मुळात मीठ असतं, त्यामुळे लोणी बिनमिठाचं घ्या.

३. कागदी कप लावलेल्या सहा ते आठ वाट्यांत चुरा विभागून वाटीच्या बुडाने घट्ट दाबा. पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा.

४. वर मूळ मिश्रणाचा दोन बोटं जाड थर द्या. त्यावर हंगामाचं फळ. स्ट्रॉबेरीचे काप आणि जांभळाचा गर या खारट तळावर विशेष खुलतात.

५. चार तास गोठवा. कागद सोलून द्या.

लोण्या-बिस्किटांऐवजी बिया काढलेला खजूर आणि भाजलेले शेंगदाणे समप्रमाणात मिक्सरमधून जाडसर फिरवले तरी छान तळ होतो. रमजानच्या दिवसांत शहरात तऱ्हेतऱ्हेचा खजूर मिळतो, तेव्हा हा प्रकार अवश्य करा. अधिक मऊ आणि चिकट खजूर निवडा.

कृती ५ : चक्क्यात बुडवलेली केळी आणि द्राक्षं

केळ्याच्या एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. द्राक्षं धुऊन अगदी कोरडी पुसा. दोन्ही ताटात एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. फळ आधी थंड झालेलं असलं की चक्का त्याला पटकन पकडतो. आता काटेचमच्यावर एकेक फळ घेऊन मूळ मिश्रणात बुडवा, जास्तीचं निथळू द्या, भाजलेल्या दाण्याच्या कुटात घोळवा आणि पुन्हा ताटात ठेवा. दोन-तीन तासांत खाऊ तयार.

द्राक्षांत नैसर्गिक साखर भरपूर असल्याने ती आतून दगड होत नाहीत, सरबताच्या चुऱ्यासारखी राहतात. केळं गोठल्यावर मलईसारखं लागतं. पिकून ठिपके पडलेली केळी यासाठी उत्तम, कारण ती जास्त गोड असतात.

कृती ६ : हंगाम नसताना खुबानी

ताजी फळं महाग झाली की हैदराबादची सुकी खुबानी आहेच. लग्नाच्या जेवणातला खुबानी का मीठा शिजवून करतात, इथे शिजवायचंही काम नाही. दीडशे ग्रॅम खुबानी धुऊन कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात, फ्रीजमध्ये रात्रभर भिजवा. सकाळी बिया काढून गर हाताने कुस्करा, भिजवलेल्या पाण्यातलं दोन-तीन चमचे पाणी घालून मऊ करा. लहान ग्लासात चक्क्याचा थर, वर खुबानीचा थर, पुन्हा चक्का असं भरून तीन तास ठेवा. खुबानी मुळात गोड असते, त्यामुळे चक्क्यातली साखर निम्मी करा.

कलिंगडाचं काय? त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असल्याने ते चक्क्यात कालवलं की सगळी मेहनत फुकट जाते. त्याचा गाळलेला रस, लिंबू आणि साखर साच्यात अर्ध्यावर भरून दीड-दोन तास गोठवा, मग वर चक्क्याचा थर आणि काडी. लाल-पांढरी कांडी मुलांना फार आवडते.

स्वच्छता आणि जपणूक

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपी जातात आणि वितळल्यावर पुन्हा वाढू लागतात. हा खाऊ शिजवायचा नसल्यामुळे सुरुवातीची स्वच्छता हाच त्यातला एकमेव पहारा आहे. फळं चिरण्याआधी वाहत्या पाण्यात धुवा. चिकू, खरबूज यांची साल काढायची असली तरी धुवा, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. कांदा-लसणाची किंवा मांस कापायची फळी फळांना वापरू नका. कापड दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यामुळे त्याच्या वाटणीच्या खाऊत मध नको. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं गोठलेलं द्राक्ष देऊ नका, ते घशात अडकू शकतं. उभे चार तुकडे करा आणि सुकामेवा कुटून घाला. घरात कुणाला मधुमेह असेल तर मध आणि खजूर म्हणजेही साखरच, हे लक्षात ठेवून तुकडा लहान द्या.

खाऊ दहा-बारा दिवसांत संपवा. त्यानंतर तो खराब होतो असं नाही, पण बर्फ धरू लागतो आणि फ्रीझरमधले वास शोषून घेतो. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा.

उन्हाळ्यात वीज जाते. अशा वेळी फ्रीझरचं दार उघडू नका, आतली थंडी बरेच तास टिकते. खाऊ मऊ पडला पण अजून गार असेल तर त्यात थोडं ताक आणि जायफळ घालून घुसळा, उत्तम पियूष होईल आणि लगेच पिऊन टाका. पूर्ण वितळून कोमट झालेला खाऊ टाकून द्यावा. वितळलेला पुन्हा गोठवू नये, त्याचा पोतही जातो आणि भरवसाही.

बिघडलं तर

कचकचीत झाला : चक्का कमी निथळला किंवा फळं ओली होती. पुढच्या वेळी दोन तास जास्त ठेवा.

दगडासारखा कडक झाला : साखर कमी पडली किंवा दूध टोन्ड होतं. खाण्याआधी दहा मिनिटं खालच्या कप्प्यात ठेवा आणि पुढच्या वेळी दोन चमचे मध वाढवा.

गोठतच नाही : साखर फार झाली, किंवा एकाच दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड नाही. थर निम्मा करा, रात्री दार कमी उघडलं जातं तेव्हा ठेवा आणि कप्प्यात साचलेला बर्फ आधी काढून टाका.

आंबट लागला : दही उशिरा फ्रीजमध्ये गेलं. इतर कशानेही हा आंबटपणा झाकला जात नाही, म्हणून दही लागल्याबरोबर गार करण्याचा नियम मोडू नका.

एका रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी दही विरजलं, झोपण्यापूर्वी ते निथळत ठेवलं, तर सकाळी चक्का तयार असतो आणि दुपारच्या चहापर्यंत तुकडे. प्रत्यक्ष हाताचं काम अर्ध्या तासाचंही नाही. दूध आपल्या नजरेसमोर उकळलेलं, फळ आपण धुतलेलं, साखर आपण मोजलेली. मुलांच्या हातात उन्हाळाभर रोज काही ना काही गार जाणारच असेल, तर ते असं घरचं असावं, यासाठी ही अर्ध्या तासाची मेहनत नक्कीच करण्यासारखी आहे.